विटांची वही

मी पेशाने कारकून. बी.कॉम. केले तेही नोकरी करता करता, बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून. गेली वीस-बावीस वर्षे आवक-जावक, साठा नोंदवही आणि शिल्लक यांतच गेली. खेळण्यांवर, आणि तेही संगणकातल्या खेळण्यांवर, मी कधी काही लिहीन असे कुणी म्हटले असते तर मी हसले असते. पण आमच्या घरात एक गोष्ट घडली. तिच्यात माझीही एक चूक आहे. ती आधी सांगते, म्हणजे पुढचे सांगायला मोकळी होईन.

२००६ सालची गोष्ट. माझा थोरला भाऊ कल्याणला एका गॅरेजमध्ये मेकॅनिक. वहिनी चार घरची धुणीभांडी करायची. त्यातल्या एका घरच्या साहेबांची बदली झाली. सामान आवरताना तिथल्या बाईंनी वहिनीला जुने कपडे, झाकण नसलेला कुकर आणि एक कापडी पिशवी दिली. पिशवीत प्लास्टिकच्या रंगीत विटा होत्या. मुले त्यांना ब्लॉक म्हणतात. मी वीटच म्हणते. त्या बनवणाऱ्या कंपनीनेही त्यांना वीटच म्हटले आहे.

माझा भाचा तेव्हा चौथीत होता. त्या पिशवीने त्याला वेड लावले. शाळेतून आला की दप्तर कोपऱ्यात आणि पिशवी जमिनीवर पालथी. दहा बाय बाराच्या खोलीत वहिनीला भाकरी थापायला जागा उरायची नाही. एक दिवस तो दोन विटा घेऊन माझ्याकडे आला. दोन्ही लाल, दोन्हींवर आठ-आठ बटणे. म्हणाला, "आत्या, ह्या सेम दिसतात. पण ही घट्ट बसते आणि ही सटकते. असं का?" मी पाहिले, तर घट्ट बसणाऱ्या विटेच्या प्रत्येक बटणावर बारीक इंग्रजी अक्षरे होती, लेगो. सटकणारीवर काहीच नव्हते. म्हणजे पिशवीत अस्सल आणि नक्कल यांची सरमिसळ होती. पण घट्ट का बसते, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

माझ्याकडे जे होते ते मी त्याला दिले. बाजारातून दोनशे पानी वही आणली, पट्टीने रकाने आखून दिले. अनुक्रमांक, वर्णन, रंग, नग आणि शेवटी शेरा. म्हटले, "आधी मोजून लिही. काय आहे ते माहीत नसेल तर काय करता येईल तेही कळत नाही." पोराने दोन दिवस बसून सगळे लिहून काढले. "२ गुणिले ४, लाल, ३८ नग." "१ गुणिले २, पिवळी, १९ नग." सटकणाऱ्या विटा वेगळ्या काढून त्यांच्यापुढे शेरा, "सैल". एकूण नग ३१२. मला कौतुक वाटले. आमच्या कचेरीत नव्याने लागलेल्या माणसालाही इतकी स्वच्छ नोंद जमत नाही.

पुढे त्या वर्षी शिष्यवृत्तीची परीक्षा होती. घरात मीच काय ती शिकलेली, म्हणून त्याच्या अभ्यासाचा भार मी घेतला. सराव परीक्षेत त्याला गुण कमी पडले. मला त्या विटा दिसू लागल्या. दिवाळीच्या सुट्टीत, तो आजोळी गेला असताना, मी ती पिशवी उचलली आणि दुसऱ्या वस्तीतल्या एका बालवाडीला देऊन आले. मनात असेही होते, की चार गरीब पोरे खेळतील, चांगलेच काम झाले. सामाजिक कामाची सवय असलेल्या माणसाला आपल्या घरच्यांच्या वस्तू वाटून टाकणे फार सोपे वाटते, हे मला नंतर कळले.

तो आला, कॉटखाली बघितले, वहिनीला विचारले, माझ्याकडे बघितले. रडला नाही. दोन दिवस बोलला नाही. शिष्यवृत्ती त्याला मिळालीच नाही, थोड्या गुणांनी हुकली. त्या गोष्टीचा घरात पुन्हा कुणी उल्लेख केला नाही.

आता त्याच्या त्या प्रश्नाचे उत्तर. ते मला फार उशिरा कळले.

डेन्मार्क नावाच्या लहानशा देशात बिलुंड हे गाव आहे. तिथे ओल कर्क क्रिस्तियानसेन नावाचा एक सुतार होता. जगभर मंदी आली, घरबांधणीची कामे थांबली, तेव्हा तो शिड्या, इस्त्रीचे पाट असे काहीबाही बनवू लागला आणि १९३२ पासून लाकडी खेळणी. कंपनीचे नाव त्याने डॅनिश भाषेतल्या दोन शब्दांवरून जुळवले. त्यांचा अर्थ, छान खेळ. पुढे प्लास्टिक आले. १९४९ पासून ते एकमेकांवर बसणाऱ्या विटा करू लागले. पण त्या आतून पोकळ होत्या, त्यामुळे पकड धड नव्हती. मोठे काही बांधले की कोसळायचे. मग २८ जानेवारी १९५८ रोजी सुताराच्या मुलाने, गॉडफ्रेड कर्क क्रिस्तियानसेनने, नव्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. विटेच्या पोटात नळ्या. खालच्या विटेचे बटण वरच्या विटेची भिंत आणि तिच्या आतली नळी यांच्यामध्ये चेपून बसते. घट्टपणाचे कारण एवढेच. मात्र हे साधायचे तर माप अचूक हवे. साच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकाही फरक चालत नाही. नक्कल करणारा तिथेच घसरतो. आणि माप पाळले म्हणूनच १९५८ सालची वीट आजच्या विटेवर बसते. दादा हे ऐकून म्हणाला, "पिस्टन आणि सिलिंडरचं तेच. डोळ्याला सेम दिसतो, पण डुप्लिकेट टाकला की धूर मारतो."

भाच्याने दहावीनंतर तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि मग पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळवला. तिथल्या संगणक कक्षात २०१६ साली त्याच्या हाती एक फुकटची आज्ञावली लागली. तिचे नाव एलड्रॉ.

या एलड्रॉमागे ऑस्ट्रेलियातला जेम्स जेसिमन नावाचा तरुण होता. त्याला विटांचा नाद होता आणि संगणकाची भाषा येत होती. १९९५ साली, विंडोजच्याही आधीच्या डॉस पद्धतीवर चालणाऱ्या दोन आज्ञावल्या त्याने लिहिल्या. एक विटा जागेवर मांडण्यासाठी आणि दुसरी त्यांचे चित्र पडद्यावर काढण्यासाठी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विटांची रचना लिहून ठेवायची एक पद्धत त्याने ठरवली. कंपनीचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्याने ते लोकांना वापरायला मोकळे करून दिले. आणि दोनच वर्षांनी, २५ जुलै १९९७ रोजी, तो वारला. फ्लूचे निमित्त झाले. वय पंचविशीच्या आसपास.

एक माणूस गेला की त्याचे काम थांबते, हे आपण आपल्या संस्थांमध्ये कितीदा पाहतो. कार्यकर्ता गेला की पावतीपुस्तक कुठे, शिक्का कुठे, कुणाला माहीत नसते. इथे तसे झाले नाही. देशोदेशीच्या लोकांनी ते काम पुढे नेले, त्याच्या स्मरणार्थ पुरस्कार ठेवला, आणि एकेक करून हजारो प्रकारच्या विटा त्या पद्धतीत लिहून काढल्या. पगार कुणालाही नाही. एकाने लिहिलेली वीट दुसऱ्यांनी तपासून मान्य केल्याशिवाय अधिकृत यादीत जात नाही. ही दुसऱ्याच्या सहीची पद्धत मला फार आवडली. हे सगळे टिकले, कारण जेसिमनने ते अशा रीतीने लिहिले होते, की त्याच्याशिवायही कुणाला वाचता यावे.

पुढे एका दिवाळीत भाचा घरी आला. पदवी झाली होती, पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती. जुना, वापरलेला लॅपटॉप घेऊन तो माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "आत्या, तुला एक दाखवतो. तुझ्या कामाचं आहे." मग उठला, वहिनीच्या पत्र्याच्या पेटीतून काहीतरी काढून आणले. ती दोनशे पानी वही. कडा कुरतडलेल्या, पण रकाने माझ्याच पट्टीचे.

पडद्यावर त्याने एक फाईल उघडली. मला वाटले काहीतरी अगम्य असेल. तर नुसत्या आकड्यांच्या ओळी! एक ओळ अशी होती:

१ ४ ० -२४ ० १ ० ० ० १ ० ० ० १ ३००१

तो सांगत गेला आणि माझ्या डोळ्यांसमोर रकाने उभे राहिले. पहिला १ म्हणजे ही विटेची नोंद. ४ म्हणजे लाल रंग. निळ्याला १, पिवळ्याला १४, पांढऱ्याला १५. पुढचे तीन आकडे म्हणजे वीट कुठे ठेवायची ती जागा. नंतरचे नऊ आकडे म्हणजे ती कशी वळवायची; वळवायची नसेल तर ते असेच राहतात. शेवटी विटेचा क्रमांक. ३००१ म्हणजे आठ बटणांची, त्याच्या वहीतली "२ गुणिले ४". ओळीच्या सुरुवातीला शून्य असेल तर ती माणसांसाठी लिहिलेली टीप असू शकते. संगणक तिच्यावरून वीट काढत नाही. मी म्हटले, "म्हणजे शेऱ्याचा रकाना!" तो हसला.

जागेचे आकडे कसे, तेही ऐका. दोन बटणांमधले अंतर खरे तर ८ मिलिमीटर आणि विटेची उंची ९.६ मिलिमीटर. चपटी पट्टी असते ती ३.२. असे दशांश घेऊन बसले तर चुका होणारच. म्हणून या पद्धतीत मिलिमीटर सोडून एक बारीक एकक घेतले आहे. त्यात बटणांचे अंतर २०, विटेची उंची २४ आणि पट्टीची ८ होते. सगळे पूर्णांक. आम्ही हिशेब पैशांत धरतो, म्हणजे रुपयाचे अपूर्णांक राहत नाहीत, तसेच हे. फक्त एक गोष्ट मला विचित्र वाटली. वर जायचे तर आकडा उणे होतो. वीट एक मजला वर, की उणे २४. मी म्हटले, हे उलटे. तो म्हणाला, "आत्या, नियम ठरला तसा ठरला. सगळे पाळतात म्हणून चालतो. तुमच्यात जमा-नावे तरी पहिल्यांदा कुठे सरळ वाटतं?" गप्प बसले.

मग त्याने फाईलच्या ओळींवरून चित्र काढून दाखवले आणि मी जरा वेळ बोललेच नाही. दादाचे गॅरेज होते ते. खड्डा, जॅकवर चढवलेली जीप, कोपऱ्यात टायरांची चळत. चौथीत असताना तो रोज हेच बांधायचा आणि रोज मोडायचा. म्हणाला, "इथे विटांना तोटा नाही. लाख घे, फुकट. पण मी नियम केलाय. वहीत जेवढ्या होत्या तेवढ्याच वापरायच्या. ३१२. वर एक नाही." सैल विटासुद्धा त्याने वेगळ्या धरल्या होत्या, वजन येईल तिथे त्या लावायच्या नाहीत म्हणून.

तो नियम पाळला जातो की नाही हे बघायला त्याने स्वतः एक छोटी आज्ञावली लिहिली होती. ती फाईलमधल्या ओळी वाचते, कोणत्या रंगाची कोणती वीट किती वेळा आली ते मोजते आणि वहीतल्या साठ्यातून वजा करते. थोडक्यात ताळमेळ. तिने सांगितले, वापरलेले नग २३२, शिल्लक ८०.

माझी सवय जात नाही. त्याने जुळणीचे टप्पे छापून आणले होते, चोवीस पाने. मी पेन्सिल घेऊन बसले आणि पानापानावर खुणा करत मोजले. माझे आले २४७. पुन्हा मोजले. २४७. पंधराचा फरक. तो म्हणाला, तुझे चुकले असेल. मी म्हटले, "फरक गोल आकड्यात आला की समजायचं, एखादी बेरीज पुढच्या पानावर आणायची राहिलीय." तो जरा विचारात पडला, मग फाईल बघत बसला आणि कपाळावर हात मारला.

झाले होते असे. या पद्धतीत एखादा भाग एकदाच लिहून ठेवता येतो आणि लागेल तिथे नुसता त्याचा हवाला देता येतो. जीपचे चाक पाच तुकड्यांचे. ते त्याने एका फाईलमध्ये एकदाच लिहिले आणि गाडीच्या फाईलमध्ये चार ठिकाणी हवाला दिला. चित्रात चार चाके बरोबर आली. पण मोजणाऱ्या आज्ञावलीने चाकाची फाईल एकदाच मोजली. पाचाचे तीन राहिले. पंधरा. आमच्याकडे पोटखात्याची बेरीज मुख्य खात्यात आणायची राहते, अगदी तेच. त्याने तिथल्या तिथे दुरुस्ती केली. पुन्हा चालवली. २४७, शिल्लक ६५.

त्या रात्री मला त्याच्या नोकरीतले काम पहिल्यांदा कळले. तोवर कुणी विचारले की मी सांगायची, "कॉम्प्युटरवर असतो." मोठे काम लहान लहान भागांत तोडायचे, प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासायचा, सांधे ठरल्या मापाचे ठेवायचे म्हणजे एकाचा भाग दुसऱ्याच्या भागावर बसतो, आणि एका जागी दुरुस्ती केली की ती सगळीकडे लागू व्हायला हवी. तो म्हणाला, हे सगळे त्याला विटांनी आधी शिकवले, कॉलेजने नंतर नावे दिली. आठ-आठ बटणांच्या, एकाच रंगाच्या दोन विटा २४ तऱ्हांनी जोडता येतात, तीन असतील तर १,०६० तऱ्हांनी, आणि सहा असतील तर ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. हा शेवटचा आकडा कोपनहेगनच्या गणितज्ञांनी संगणकावर मोजून काढला आहे. नुसती जोड चांगली असून भागत नाही, कोणती जोड हवी ते आपल्याला ठरवावे लागते, असे तो म्हणाला.

मी त्याला म्हटले, "अरे, ती पिशवी मी द्यायला नको होती." तो लॅपटॉप मिटत म्हणाला, "जाऊ दे आत्या. वही तर तूच दिली होतीस." वहिनी आत भांडी लावत होती, तिने ऐकले असावे. भांड्यांचा आवाज थांबला होता.

आता आमच्या अभ्यासिकेबद्दल. विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही रविवारी मुलांचा वर्ग घेतो. २०२२ पासून भाचा महिन्यातून दोन रविवार पुण्याहून येतो. दोन जुने संगणक मिळाले आहेत, आणि त्याने आपल्या पगारातून विटांचा एक डबा आणला. अस्सल विटा महाग आहेत, एका मोठ्या डब्यात आमच्या घरचे महिन्याचे वाणसामान येईल. म्हणून डबा एकच, आणि बाकीचे काम पडद्यावर, फुकटच्या आज्ञावलीत.

त्याचा एक खेळ आहे. दोन मुले पाठीला पाठ लावून बसतात. दोघांकडे त्याच सात विटा. एकाने काहीतरी बांधायचे आणि दुसऱ्याला नुसते शब्दांत सांगून तसेच बांधून घ्यायचे. वळून बघायचे नाही. पहिल्या दिवशी एक मुलगी सांगत होती, "लाल वर ठेव." दुसरीने ठेवली. "आता पिवळी बाजूला." कुठल्या बाजूला? दोघी वळल्या तर दोन भलत्याच वस्तू. मग भांडण. "मी नीट सांगितलं, तिला कळत नाही!" भाचा म्हणाला, "तिला कळलं नाही म्हणजे तू सांगितलं नाहीस. संगणक तर हिच्याहून ठोंब्या आहे. तो बाजू-बिजू समजत नाही." चौथ्या रविवारी मुलींनी आपणहून ठरवले, दाराकडची बाजू ती पुढची, बटणे मोजायची ती खिडकीकडून. जेसिमनने जे केले तेच, आपल्या पुरते.

आया मात्र हिशेबाने विचारतात. एक बाई, त्याही धुणीभांडी करतात, मला म्हणाल्या, "ताई, पोरगा खेळायलाच येतो का इथं? यानं नोकरी लागंल का?" मी होय म्हणू शकले नाही. विटा जोडणारे प्रत्येक पोर इंजिनियर होत नाही. हल्ली लहान मुलांना कोडिंग शिकवतो म्हणून पालकांकडून भरमसाट फी घेणारे वर्ग निघाले आहेत. त्यांच्या जाहिरातींत असली वचने असतात, मला ती द्यायची नाहीत. मी त्यांना म्हटले, "लागेलच असं नाही, बाई. पण आपण सांगितलेलं दुसऱ्याला का कळलं नाही, हे तो शोधायला लागलाय." त्यांचे समाधान झाले असे मला वाटत नाही. पण मुलगा येतो.

त्या रात्री घरी गेल्यावर मला सीमोर पेपर्ट आठवले. भाच्यानेच त्यांच्याविषयी सांगितले होते. जन्म १९२८ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचा, गोऱ्या कुटुंबातला. लहानपणी त्यांना गाड्यांच्या दातेरी चाकांचा नाद होता आणि त्यातूनच आपल्याला गणित उमगले असे ते सांगत. शाळेत असतानाच त्यांनी घरकाम करणाऱ्या निरक्षर काळ्या माणसांसाठी संध्याकाळचे वर्ग काढायचा प्रयत्न केला. तिथल्या वर्णभेदी व्यवस्थेला ते चालणार नव्हते. पुढे त्यांनी अमेरिकेत, १९६७ साली, सहकाऱ्यांबरोबर लोगो नावाची मुलांची संगणक भाषा केली. तिच्यात पडद्यावरच्या कासवाला "पुढे इतके जा, इतके वळ" असे सांगून चित्र काढायचे असते. १९८० साली त्यांनी माइंडस्टॉर्म्स हे पुस्तक लिहिले. त्यानंतर त्यांच्या एमआयटी संस्थेतल्या मंडळींनी लोगो भाषा आणि लेगोच्या विटा एकत्र आणल्या. त्यातून पुढे आज्ञा समजणारी वीट तयार झाली, आणि १९९८ साली कंपनीने ती बाजारात आणताना त्याच पुस्तकाचे नाव तिला दिले. २०१६ साली पेपर्ट वारले. ती माइंडस्टॉर्म्स मालिकाही कंपनीने २०२२ च्या अखेरीस बंद केली. आमच्या खोलीत ती वीट कधी आली नाही, येण्यासारखी तिची किंमतही नव्हती. पण घरकाम करणाऱ्या माणसांसाठी वर्ग काढू पाहणारा हा शाळकरी मुलगा माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्या वर्गात बसली असती त्यांची नातवंडे आज काय करत असतील?

एक गोष्ट राहिली. वर्ग संपला की मी डबा मोजते. भाचा चिडवतो, "आत्याचं ऑडिट." नवी वही केली आहे, रकाने तेच. मागच्या रविवारी मोजले तर एक पिवळी, १ गुणिले २, कमी. पुन्हा मोजले, कोपरे झाडले, चटई झटकली. मग आठवले, पहिलीतला एक बारका जाताना उजवी मूठ खिशातून बाहेर काढत नव्हता. जयभीमसुद्धा त्याने नुसती मान हलवून केला होता.

भाचा म्हणाला, "पुढच्या वेळी विचारू का त्याला?" मी वही पुढे ओढली. तूट, पिवळी, नग १. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, "घरी नेली आहे. मागू नये." आणि खाली सही केली.